दोन कॅमेरे, दोन तासांचं कीर्तन आणि ७० हजारांचं बजेट: एडिटिंगसाठी कोणता लॅपटॉप घ्यावा?

अबोली
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या यूट्यूब वाहिनीसाठी कीर्तनं, व्याख्यानं आणि अधूनमधून हौशी नाट्यप्रयोग चित्रित होतात. एक मिररलेस कॅमेरा (सोनी झेडव्ही-ई१०), दुसऱ्या कोनासाठी अँड्रॉइड फोन आणि आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर. कार्यक्रम दीड ते दोन तासांचे असतात. सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती. चित्रण ४केमध्ये, अपलोड बहुधा १०८०पीमध्ये.

बजेट ७० हजार, फार ओढलं तर ७५. लॅपटॉपच हवा, कारण संकलन तीन वेगवेगळ्या घरी आळीपाळीने होतं. दुकानात गेलं की प्रत्येक जण गेमिंग लॅपटॉप पुढे करतो. खरंच तोच हवा का? नक्की काय बघून निवडायचं?

घाटवाट
इंटेलचा १२ व्या किंवा १३ व्या पिढीचा आय५ एच प्रोसेसर, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. या पैशांत एवढंच बसतं आणि एवढं पुरतं.

काटकोन
घाटवाट, थोडं थांबूया. लॅपटॉपच्या आधी फुटेज बघायला हवं. अबोली, 'मीडियाइन्फो' हे छोटं फुकट सॉफ्टवेअर घ्या, कॅमेऱ्याची एक आणि फोनची एक फाइल त्यात उघडा आणि चार गोष्टी इथे लिहा: फॉरमॅट, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत (एव्हीसी, म्हणजे एच.२६४, की एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५), क्रोमा सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगाची माहिती किती साठवली (४:२:० की ४:२:२), बिट डेप्थ, म्हणजे रंगछटा किती बारीक (८ की १०) आणि फ्रेम रेट मोड, म्हणजे फ्रेमचा वेग स्थिर की बदलता (कॉन्स्टंट की व्हेरिएबल). सल्ला त्यावर ठरेल.

कारण असं. कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक पूर्ण फ्रेम आणि तिच्यामागे पुढच्या अर्ध्याएक सेकंदाचे फक्त बदल, अशी रचना असते. एडिटिंग करताना मधल्याच फ्रेमवर उडी मारली की मशीनला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथून सगळं उलगडत यावं लागतं. साधा व्हिडिओ बघताना हे जाणवत नाही. टाइमलाइनवर पुढेमागे करताना, त्यातही दोन कोन एकदम चालू असताना, तिथेच दम निघतो. हे उलगडायचं काम सीपीयूवर पडलं तर पंखा किंचाळतो. चिपमधला वेगळा व्हिडिओ विभाग ते करू शकला तर काही वाटत नाही. पण प्रत्येक चिपला प्रत्येक प्रकार उलगडता येत नाही, आणि खोच तिथेच आहे.

हरभरा
म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं नाव बघून उपयोग नाही?

काटकोन
नुसतं नाव बघून नाही. उदाहरण देतो. १० बिट ४:२:२ एचईव्हीसी हा प्रकार इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला, म्हणजे त्यातल्या क्विक सिंक या व्हिडिओ विभागाला, उलगडता येतो. एनव्हिडियाच्या ३०५० किंवा ४०५० ला येत नाही. तिथे ही सोय ५० मालिकेपासून आली. त्यामुळे अशा फुटेजसाठी काही वेळा हजारो रुपयांचं कार्ड बसून राहतं आणि आतलं 'फालतू' ग्राफिक्स काम करतं.

गेमिंग लॅपटॉपमध्ये आणखी एक खड्डा. त्यांच्या सेटिंगमध्ये 'फक्त डिस्क्रीट ग्राफिक्स', म्हणजे नुसतं वेगळं कार्ड, असा पर्याय असतो. गेमसाठी तो चांगला, पण तो लावला की आतलं ग्राफिक्स बंद होतं आणि क्विक सिंक त्याच्याबरोबर जातं. एडिटिंगसाठी 'हायब्रिड' ठेवा.

घाटवाट
काटकोन यांचं उलगडण्याबद्दलचं म्हणणं मान्य. पण रिझॉल्व्ह हे मुळात ग्राफिक्स कार्डावर चालणारं सॉफ्टवेअर आहे. रंगकाम, आकार बदलणं, ट्रान्झिशन, ब्लर हे सगळं कार्डावरच होतं. नुसत्या आतल्या ग्राफिक्सवर रंगकामाचे दोन नोड (पायऱ्या) लावले की प्लेबॅक अडखळतो. त्यामुळे वेगळं कार्ड हवंच, या मतावर मी ठाम आहे.

मात्र घेताना दोन आकडे विचारा. पहिला व्हीआरएएम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. ३०५० ही ४ जीबी आणि ६ जीबी अशा दोन्ही प्रकारांत मिळते. ४ जीबीवर ४के टाइमलाइन लावून फ्यूजनमधलं (रिझॉल्व्हच्या इफेक्टच्या भागातलं) एखादं शीर्षक टाकलं की 'जीपीयू मेमरी फुल' असा निरोप येतो. ६ जीबीला तेवढा श्वास मिळतो. दुसरा आकडा वॅट. ३०५० लॅपटॉपमध्ये ३५ पासून ८० वॅटपर्यंत बसवलेली असते. डब्यावर नाव तेच, काम मात्र बरंच वेगळं. पातळ, देखण्या लॅपटॉपात बहुधा कमी वॅटची असते. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या तपशिलात 'टीजीपी' किंवा 'मॅक्स ग्राफिक्स पॉवर' म्हणून हा आकडा सापडतो. दुकानदाराला तो माहीत असेलच असं नाही.

आणि २०५० नावाचं कार्ड स्वस्तात दिसेल. त्यात ४ जीबी आणि फक्त ६४ बिटची बस (मेमरीशी जोडणारा मार्ग). ते टाळा.

अबोली
बघितलं. कॅमेरा: एव्हीसी, ४:२:०, ८ बिट, २५ फ्रेम, कॉन्स्टंट, १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). फोन: एचईव्हीसी, ४:२:०, ८ बिट, ३० च्या आसपास फ्रेम आणि 'व्हेरिएबल'. हे व्हेरिएबल म्हणजे बिघाड आहे का?

काटकोन
उत्तम! ४:२:० आणि ८ बिट म्हणजे सगळ्यात सोपं फुटेज. ४:२:२ ची चिंता मिटली. फक्त पुढे झेडव्ही-ई१०ची दुसरी आवृत्ती घेतली तर तिच्यात १० बिट ४:२:२ आहे, तेव्हा मेन्यूत काय निवडता ते बघा. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत विंडोजवर असं फुटेज टाकलं की बरेचदा आवाज येतो आणि चित्राच्या जागी लाल 'मीडिया ऑफलाइन'. फाइल बिघडलेली नसते, आवृत्तीची मर्यादा असते.

शिंपला
व्हेरिएबल हा बिघाड नाही, फोनची सवय आहे. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो फ्रेमचा वेग थोडा खाली-वर करतो. पाच मिनिटांच्या क्लिपमध्ये कळत नाही. दीड तासाच्या कीर्तनात शेवटी बुवांचे ओठ आणि शब्द यांची फारकत झालेली असते.

इलाज दोन. पहिला, चित्रणाच्या वेळी: फोनमधल्या मूळ कॅमेऱ्याऐवजी फ्रेम रेट बांधून देणारं ॲप वापरा आणि फोनही २५ वर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की मंडपातल्या ट्यूबलाइटचा लपलपाटही कमी होतो. दुसरा, नंतर: 'हँडब्रेक'मध्ये फोनची फाइल टाका, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट २५ निवडा, त्याखाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' वर खूण करा (मुळात तिथे 'पीक' किंवा 'व्हेरिएबल' असतं), क्वालिटी आरएफ १८ ठेवा. मग तीच फाइल रिझॉल्व्हमध्ये घ्या.

प्रोजेक्टची टाइमलाइन २५ ची आहे ना, हे पहिली क्लिप टाकायच्या आधी बघा. एकदा फुटेज आत गेलं की तो आकडा बदलता येत नाही.

हरभरा
आणि रेकॉर्डरचा आवाज? तोही सरकतो.

शिंपला
सरकतो, कारण प्रत्येक यंत्राचं घड्याळ वेगळं. दोन तासांत काही फ्रेमचा फरक पडू शकतो. मल्टिकॅम क्लिप (सगळे कोन एकत्र जुळवलेली) करताना 'अँगल सिंक' मध्ये 'साउंड' निवडा, सुरुवात जुळते. पूर्वरंग संपून मधला गजर सुरू होतो, तिथे आवाजाची पट्टी कापून पुन्हा जुळवा. गजरात टाळ्या आणि झांजा असल्यामुळे लाटेवर टोकं स्पष्ट दिसतात, जुळवणं सोपं जातं. बोलण्याच्या मध्ये कापू नका.

सुतारपक्षी
आता मुख्य गोष्ट. अबोली, तुमच्या बजेटमध्ये तुम्ही प्रॉक्सी (संकलनापुरती मूळ फुटेजची हलकी प्रत) वापरणार आहात, हे धरूनच लॅपटॉप निवडा. विंडोजवर रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीला एच.२६४ आणि एच.२६५ साठी हार्डवेअरची पूर्ण मदत मिळत नाही, ती पैसे भरलेल्या स्टुडिओ आवृत्तीत आहे (२९५ डॉलर, एकदाच). म्हणजे ४केचे दोन कोन एकदम चालवताना भार सीपीयूवर. प्रॉक्सी केली की हा प्रश्नच उरत नाही.

क्रम असा:
प्रोजेक्ट सेटिंग्ज, मास्टर सेटिंग्ज, तिथे प्रॉक्सीचं रिझॉल्यूशन 'हाफ' आणि फॉरमॅट 'डीएनएक्सएचआर एलबी'. 'वर्किंग फोल्डर्स' मध्ये प्रॉक्सी कुठे साठवायची ती जागा द्या. मीडिया पूलमध्ये सगळ्या क्लिप निवडून उजवी क्लिक, 'जनरेट प्रॉक्सी मीडिया'. रात्री लावून झोपा. सकाळी प्लेबॅक मेन्यूतून 'प्रिफर प्रॉक्सीज'. मल्टिकॅम क्लिप त्यानंतर बनवा. शेवटी डिलिव्हर पानावर 'यूज प्रॉक्सी मीडिया' वर खूण नाही ना हे बघा, नाहीतर यूट्यूबवर हलकी प्रत जाईल.

आता जागेचा हिशेब, कारण गणित इथेच चुकतं. १०० एमबीपीएस म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन तासांचे ९०. फोनच्या फाइली आणि त्यांची हँडब्रेकमधून निघालेली प्रत धरली तर मूळ फुटेजच दीडशेच्या आसपास. १०८०पी एलबी प्रॉक्सी तासाला सुमारे १६-१७ जीबी, दोन कोनांचे चार तास म्हणजे ६५ ते ७०. एका कार्यक्रमाला सव्वादोनशे जीबी धरा. ५१२ च्या डिस्कमध्ये विंडोज आणि सॉफ्टवेअर जाऊन चारशेच्या आतबाहेर उरतात. दुसरं कीर्तन आलं की डिस्क भरली.

त्यामुळे निवडताना एसएसडीसाठी दुसरा एम.२ स्लॉट रिकामा आहे का, हे रॅमइतकंच महत्त्वाचं.

घाटवाट
+१. आणि एसएसडी भरत आली की स्वस्त क्यूएलसी डिस्कचा लिहिण्याचा वेग एकदम कोसळतो. प्रॉक्सी बनवताना मध्येच सगळं मंदावलं तर आधी डिस्क किती भरली ते बघा, उगाच सॉफ्टवेअर पुन्हा टाकत बसू नका. पाचवा हिस्सा तरी रिकामा ठेवावा.

मध्यरात्र
इतका खटाटोप कशाला? मॅकबुक एअर घ्या. ॲपलची एम१ चिप सुद्धा एच.२६४ आणि एचईव्हीसी हार्डवेअरवर उलगडते, आणि मॅकवर रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीलाही ती मदत मिळते. पंखा नाही, आवाज नाही, बॅटरीवरही तोच वेग. गेमिंग लॅपटॉप चार्जर काढला की अर्धमेला होतो. तीन घरी न्यायचा आहे, वजनाचाही विचार करा.

काटकोन
मध्यरात्र, तांत्रिक मुद्दे सगळे बरोबर. अडचण वेगळी आहे. ७० हजारांच्या आत जे एअर सापडतात ते बहुतेक ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी डिस्कचे, आणि दोन्ही सोल्डर केलेलं (आत पक्कं जोडलेलं). पुढे एक जीबी वाढवता येत नाही. वर सुतारपक्षींनी एका कार्यक्रमाला सव्वादोनशे जीबी दाखवलेत. १६ जीबी पायाभूत असलेलं एम४ एअर मार्च २०२५ मध्ये आलं तेच ९९,९०० ला.

जुना १६ जीबीचा एम१ चांगल्या स्थितीत मिळाला तर मात्र मीही तोच सुचवेन. सोबत बाहेरची १ टीबी एसएसडी धरा. जुना घेताना: ॲक्टिव्हेशन लॉक (आधीच्या मालकाच्या ॲपल खात्याचं कुलूप) काढून पहिलं सेटअप तुमच्यासमोर करून घ्या. सेटअपमध्ये कुठल्या कंपनीचं 'रिमोट मॅनेजमेंट' (दुरून नियंत्रण) दिसलं तर तसाच परत द्या. बॅटरीची सायकल मोजणी बघा, ॲपलच्या हिशेबाने बॅटरीची कमाल मर्यादा १००० सायकल. आणि पंखा नसल्यामुळे लांब रेंडरमध्ये (अंतिम व्हिडिओ तयार होताना) तो हळूहळू मंद होतो. दोन तासांचं कीर्तन म्हणजे लांबच रेंडर.

वऱ्हाडी_ठेचा
उन्हाचा विचार कोणी केला नाही! अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीतच चाळीस असते. अशा हवेत पंखा नसलेला लॅपटॉप लवकर मंदावतो, अन् पंखा असलेलाही ९५ अंशांवर जाऊन प्रोसेसरचा वेग खाली आणतो. रेंडर पहाटे लावा. मागची बाजू दोनेक सेंटिमीटर वर उचला, गादीवर कधीच ठेवू नका. कूलरच्या तोंडासमोर लॅपटॉप ठेवू नये: ओलसर हवा अन् धूळ मिळून पंख्याच्या जाळीत चिखल बसते. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यावा.

लाइट गेली तर गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर कार्डाचे वॅट एकदम कमी करते. रेंडर थांबत नाही, पण लांबते. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर ॲडॅप्टर गुणगुणते अन् तापते. ॲडॅप्टर १५० ते १८० वॅटचा असते, इन्व्हर्टरचा भार त्या हिशेबाने धरा.

रानपाखरू
पडद्याबद्दल कुणीच बोललं नाही. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपन्या सगळ्यात जास्त काटकसर पडद्यात करतात. तपशिलात '४५% एनटीएससी' (पडद्याच्या रंगांचं माप) लिहिलं असेल तर तो पडदा एसआरजीबीचे (संकेतस्थळांवरच्या प्रमाण रंगश्रेणीचे) साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दाखवतो. बुवांचा केशरी फेटा त्यावर विटकरी दिसतो, तुम्ही रंग चढवता आणि फोनवर बघणाऱ्याला तो भडक दिसतो. '७२% एनटीएससी' किंवा '१००% एसआरजीबी' लिहिलेला घ्या. तेवढ्यासाठी कार्ड एक पायरी खाली आलं तरी चालेल.

घाटवाट
इथे मी असहमत. पडदा नंतर बाहेरून जोडता येतो, कार्ड नाही.

रानपाखरू
एका घरी टेबलावर काम असतं तर मान्य केलं असतं. इथे लॅपटॉप तीन घरी फिरणार. तीन मॉनिटर कोण घेणार?

घाटवाट
हा मुद्दा बरोबर आहे. मग ६ जीबीची ३०५० आणि चांगला पडदा, हा मेळ शोधावा. ४०५० च्या मागे लागून ४५ टक्क्यांचा पडदा घेऊ नये.

हरभरा
प्रोसेसरच्या नावांचा घोळ कुणी सोडवेल का? रायझन ५ नावाचे दहा प्रकार दिसतात.

सुतारपक्षी
शेवटचं अक्षर आधी: यू म्हणजे कमी विजेचा, साधारण १५ वॅट. एच किंवा एचएस म्हणजे ३५-४५ च्या घरातला. लांब रेंडरला एच घ्या.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा आकडा खरी पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ (एएमडीची जुनी रचना) आणि चारच कोअर. नाव नवं, आतला ऐवज जुना. ७५३५एचएस म्हणजे झेन ३+ आणि सहा कोअर, एडिटिंगला ठीक. ७६४०एचएस म्हणजे झेन ४, उत्तम.

इंटेलमध्ये आय५-१२४५०एच आणि १३४२०एच दोन्ही आठ कोअर, बारा थ्रेड. '१३' बघून जास्त पैसे देऊ नका. १२५००एच मात्र बारा कोअरचा, तो त्याच किमतीत दिसला तर उचला.

रॅम दोन काड्यांत हवी. १६ ची एकच काडी असेल तर आतलं ग्राफिक्स मंद पडतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी, तिथे 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं. '८ जीबी ऑनबोर्ड + ८' असेल तर पुढे तो एकच स्लॉट बदलता येतो. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढलेत, म्हणून 'आत्ता ८ घेऊ, मग वाढवू' हा हिशेब सध्या धरू नका. १६ घेऊनच बाहेर पडा.

मध्यरात्र
थोडं अवांतर, पण कीर्तनाचा विषय आहे म्हणून. शीर्षकं मराठीत देणार असाल तर सॉफ्टवेअर जोडाक्षरं नीट दाखवतं का, ते आधी तपासा. 'ज्ञानेश्वर', 'कर्तृत्व', 'पांडुरंग', 'निवृत्ती' हे चार शब्द टाकून बघा. वेलांटी भलतीकडे गेली किंवा रफार सुटा पडला तर साधं 'टेक्स्ट' आणि 'टेक्स्ट+' दोन्ही करून बघा. तरी जमेना तर शीर्षक इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पीएनजी घ्या. प्रीमियर वापरणाऱ्यांनी प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली 'साउथ एशियन' इंजिन निवडावं. फॉन्ट युनिकोडच घ्या, जुने श्रीलिपीचे फॉन्ट इथे चालत नाहीत. 'मुक्ता' सुटसुटीत आहे. 'टिरो देवनागरी मराठी' मध्ये मराठी वळणाचे ल आणि श मिळतात.

अबोली
हे फार उपयोगाचं, 'टिरो' लगेच उतरवते.

सगळं वाचून यादी दोनवर आणली आहे. पहिला: आय५-१२४५०एच, ३०५० ६ जीबी, ८+८ दोन काड्या, दोन एम.२ स्लॉट, ५१२ जीबी, पडदा १००% एसआरजीबी. दुसरा: रायझन ५ ७५३५एचएस, ४०५०, १६ जीबीची एकच काडी, ५१२ जीबी, पडदा ४५% एनटीएससी. दुसरा चार हजारांनी महाग. दुकानात नमुना ठेवलेला आहे. तिथे काय तपासू?

सुतारपक्षी
पेन ड्राइव्हवर रिझॉल्व्हची इन्स्टॉल फाइल, कॅमेऱ्याची दहा मिनिटांची क्लिप आणि फोनची तेवढीच क्लिप न्या. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. क्लिपा आधी लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवा, पेन ड्राइव्हवरून चालवल्या तर पेन ड्राइव्हचाच वेग मोजाल.

चार्जर लावा, पॉवर मोड 'परफॉर्मन्स'. दोन्ही क्लिपांची प्रॉक्सी करायला लावा आणि टास्क मॅनेजर उघडा ठेवा. पहिल्या मिनिटाला सीपीयूचा वेग किती गिगाहर्ट्झ आणि दहाव्या मिनिटाला किती, हे लिहून घ्या. थोडा उतरणारच. निम्म्यावर आला तर त्या मॉडेलची थंड ठेवण्याची व्यवस्था कच्ची आहे. तेवढ्यात कीबोर्डवर हात ठेवा: डब्ल्यू, ए, एस, डी या कळांच्या भागात बोटं ठेवता येत नसतील तर दोन तास काम होणार नाही.

काटकोन
माझं मत पहिल्याला. तुमच्या फुटेजला ४०५० ची जास्तीची ताकद क्वचित लागेल, पडदा मात्र रोज लागेल. उरलेल्या चार हजारांत भर घालून दुसऱ्या स्लॉटसाठी १ टीबी डिस्क घ्या. मंडळाची जीएसटी नोंदणी असेल तर बिल मंडळाच्या नावावर, नोंदणी क्रमांकासह करून घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, नियमात बसत असेल तर त्याची वजावट मिळते.

घाटवाट
मीही पहिलाच म्हणेन. फक्त घेण्याआधी मॉडेलचा पूर्ण क्रमांक डब्यावरून जुळवा, शेवटच्या अक्षरांसकट. एकाच नावाखाली पडदा आणि व्हीआरएएम वेगळे असतात. नमुन्यात एसआरजीबी पडदा आणि सीलबंद डब्यात ४५ टक्क्यांचा, असं होऊ शकतं.

अबोली
शनिवारी क्लिपा घेऊन जाते. दुसऱ्या स्लॉटमध्ये डिस्क स्वतः बसवली तर वॉरंटी जाते का?

सुतारपक्षी
ते कंपनीवर आहे. काही कंपन्या चालवून घेतात, काही झाकणाच्या स्क्रूवर स्टिकर लावतात. बिल करण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्राला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. स्लॉटला स्क्रू आणि थर्मल पॅड सोबत येतात का तेही त्याच ईमेलमध्ये विचारा, बऱ्याच मॉडेलमध्ये रिकाम्या स्लॉटचा स्क्रू दिलेलाच नसतो. डिस्क २२८० लांबीची बसते की २२४२, हेही त्यातच.